गल्ल्यावरून निघालेलं मासिक : 'गिटार प्लेयर'ची ५७ वर्षं (आणि एका प्लास्टिकच्या चौकोनाची अडचण)

गंजकी_तार (पुणे)

आधी अडचण सांगतो, मग इतिहास.

माझ्याकडे 'गिटार प्लेयर' या अमेरिकन मासिकाचा ऑक्टोबर १९८४चा अंक आहे. मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात एका रविवारी घेतला होता, दहा रुपयांना एक या भावाने अकरा अंक. विकणाऱ्याला ते इंजिनाचे कॅटलॉग वाटत होते, मी गप्प बसलो. त्या ऑक्टोबरच्या अंकात मधोमध एक पातळ प्लास्टिकचा चौकोन शिवलेला आहे. कडेला बारीक भोकांची रांग, तिथून फाडून काढायचा. त्यावर वर्तुळाकार खाचा आहेत. ही तबकडी आहे, म्हणजे रेकॉर्ड. पोस्टाने दुमडत, वाकत जाईल आणि तरी वाजेल अशी. मासिकवाले तिला 'साउंडपेज' म्हणायचे आणि हे पहिलंच साउंडपेज, गिटारवादक स्टीव्ह वायचं 'द अ‍ॅटिट्यूड साँग'.

रेकॉर्ड प्लेयरवर ठेवली, सुई टेकवली, की तबकडी जागच्या जागी थांबते आणि खालची थाळी बिचारी एकटीच फिरत राहते. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

आता इतिहास. या मासिकाची छापील आवृत्ती डिसेंबर २०२४च्या अंकाने बंद झाली (वेबसाइट चालू आहे). इंग्रजीत मृत्युलेख भरपूर आले, मराठीत माझ्या तरी नजरेस पडला नाही, म्हणून हा उद्योग.

१९६७ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये बड ईस्टमन नावाच्या वाद्यांच्या दुकानदाराने हे काढलं. दुकानदाराने, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तोवर संगीतावरची मासिकं होती, जॅझवाल्यांसाठी 'डाउनबीट' तर १९३४पासून होतं. पण "तू तारा कुठल्या लावतोस रे?" हा प्रश्न कलावंताला छापून विचारणारं असं कोणी नव्हतं. दुकानात मात्र हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारला जातो. ईस्टमनने गल्ल्यावरची बडबड उचलली आणि छापली, बस्स. सुरुवातीची काही वर्षं ते दर महिन्याला निघतही नव्हतं.

१९७०च्या सुमारास जिम क्रॉकेट आला आणि त्याने जवळजवळ दोन दशकं गाडा ओढला. कचेरी लॉस गॅटोस, सॅराटोगा करत क्यूपर्टिनोला गेली. धंदा एवढा वाढला की भावंडं जन्माला आली : १९७५ला 'कंटेम्पररी कीबोर्ड', १९७९ला मँडोलिन-बँजो-अकूस्टिकवाल्यांसाठी 'फ्रेट्स', आणि पुढे १९९०ला 'बेस प्लेयर'. १९८१ ते १९९१ टॉम व्हीलर संपादक होता. त्या आधी गिटारवर पुस्तक लिहिलेला माणूस. नट-बोल्टापासून लाकडापर्यंत सगळं त्याला ठाऊक, पण लिहायचा असा की गिटार हातात न धरलेल्यालाही कळावं. माझ्या मते हीच दहा वर्षं या मासिकाची खरी.

आता माझं म्हणणं, म्हणजे भांडायला मोकळे व्हा. हे मासिक संगीताचं नव्हतंच, दुकानाचं होतं. आणि म्हणूनच ते चांगलं होतं. समीक्षक कलावंताला विचारतो, तुमची प्रेरणा काय? त्याला काहीतरी उदात्त उत्तर मिळतं आणि वाचकाच्या पदरात काही पडत नाही. दुकानदार विचारतो, पिक (तारा छेडायचा तुकडा) जाड की पातळ? याचं उत्तर खरं द्यावंच लागतं आणि वाचकाला ते दुसऱ्या दिवशी करून बघता येतं.

---

पावणेदोन

वाचतोय. (जागा धरून ठेवली.)

---

मृगजळ

धागा आवडला, मुद्दा निम्मा पटला. दुकानदाराने मासिक काढणं यात ईस्टमन पहिला नव्हे. फिलाडेल्फियात एस. एस. स्ट्युअर्ट नावाचा बँजो बनवणारा होता, त्याने १८८२पासून 'बँजो अँड गिटार जर्नल' चालवलं. अर्धं संगीत, अर्धी स्वतःच्या बँजोची तारीफ, आणि दुसऱ्यांच्या बँजोची नालस्ती हा उरलेला तिसरा अर्धा. लंडनमध्ये क्लिफर्ड एसेक्सने १९०३ला 'बी.एम.जी.' काढलं (बँजो, मँडोलिन, गिटार). त्याचाही वाद्यांचाच धंदा.

उलट उदाहरणही आहे. लंडनलाच १८३३मध्ये 'जुलियानियाड' निघालं. मावरो जुलियानी हा इटालियन गिटारवादक १८२९ला वारला, त्याच्या नावाने. हे खरं भक्तांचं मासिक. दोनेक वर्षांत गुंडाळलं. म्हणजे भक्तीवर मासिक चालत नाही, जाहिरातीवर चालतं, एवढंच सिद्ध होतं. ते चांगलं असतं हे कुठे सिद्ध झालं?

---

गंजकी_तार

मृगजळताई, जुलियानियाड माहीत नव्हतं, आभार. पण स्ट्युअर्ट आणि ईस्टमन यांत फरक आहे. स्ट्युअर्ट स्वतः बनवलेला माल खपवत होता. ईस्टमनच्या दुकानात सगळ्यांचा माल. त्यामुळे फेंडर कंपनीची गिटार चांगली की गिब्सनची, यात त्याला बाजू घ्यायची गरज नव्हती. दोन्ही बाजूंचे लोक भांडत राहिले की झालं.

---

कल्याण_स्लो

माझ्या अनुभवातून एक आठवण. १९९६-९७, कॉलेज. आमच्यातल्या एकाचा मामा आखातात. तो येताना 'गिटार वर्ल्ड' आणायचा. ते गिटार प्लेयरचं प्रतिस्पर्धी, १९८०ला न्यूयॉर्कहून निघालेलं, पहिल्या मुखपृष्ठावर जॉनी विंटर. 'गिटार फॉर द प्रॅक्टिसिंग म्युझिशियन'ही ऐंशीच्या दशकातलंच. या दोघांनी एक गोष्ट केली जी गिटार प्लेयर मनापासून करत नव्हतं : अख्ख्या गाण्याची टॅब छापायची, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. मुलांना दुसरं हवं काय होतं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : टॅब म्हणजे सहा आडव्या रेघा, प्रत्येक रेघ एक तार, त्यावर आकडा म्हणजे कितव्या पडद्यावर बोट. सर्वांत खालची रेघ सर्वांत जाड तारेची. स्वरलिपी येत नसली तरी चालतं.

तर मामाचा अंक एक आणि गिऱ्हाईकं चौदा. स्टेशनबाहेर झेरॉक्स काढायचो. मासिकाचं पान मोठं, कागद लहान, झेरॉक्सवाला वरून जुळवून मारायचा. प्रत्येक पानाच्या शेवटच्या ओळीत खालची रेघ कापली जायची. म्हणजे दर पानाच्या शेवटी जाड तार गायब! आम्हाला वाटलं, गाण्यातच तसं आहे. गॅदरिंगला तसंच वाजवलं. चार वर्षांनी मूळ गाणं नीट हेडफोनवर ऐकलं तेव्हा कळलं की दर थोड्या वेळाने आमचं गाणं हलकं का व्हायचं. तोवर चौदा जण तसंच शिकले होते आणि त्यांनी आणखी कोणाकोणाला शिकवलं देव जाणे. कल्याण-डोंबिवली पट्ट्यात अजून कोणी ते गाणं तसं वाजवत असेल तर तो आमचा शिष्यगण समजावा.

---

पावणेदोन

:हहपुवा: याला म्हणतात घराणं.

---

जुनी_खुंटी

मी पंचाहत्तरीचा माणूस, हवाईयन गिटार वाजवायचो. मांडीवर आडवी ठेवून, पोलादी दांडीने. आमच्या तरुणपणी मध्यमवर्गीय मराठी घरात गिटार म्हणजे तीच. गणपतीत चाळीच्या कार्यक्रमात "आता गिटारवर सादर होईल" म्हटलं की मांडीवरचीच. तुम्ही उभी धरता ती 'स्पॅनिश'. मला एक सांगा, या मासिकात आमच्या जातीच्या गिटारीला काही जागा होती का, का सगळा दांडगाईचाच कारभार?

---

मृगजळ

काका, होती. स्टील गिटार, क्लासिकल, जॅझ, कंट्री, ब्लूज, सगळ्यांचे स्तंभ असायचे. ही त्यांची जमेची बाजू आणि विक्रीच्या दृष्टीने कदाचित दुबळी बाजूही. रॉकवाल्या पोराला क्लासिकल गिटारवाल्या सेगोव्हियाच्या शैलीतली बोटं कशी ठेवायची हे वाचायला लावत. वाचकांचा कौल दरवर्षी घेत, प्रकारवार. एखाद्या प्रकारात पाच वेळा जिंकलात की तुम्हाला मानाच्या दालनात बसवून स्पर्धेतून बाहेर काढत, म्हणजे नव्यांना वाव. स्टीव्ह मोर्स 'एकूण सर्वोत्तम' मध्ये १९८२ ते ८६ सलग पाच वर्षं आला आणि त्या दालनात जाऊन बसला. क्लासिकलमध्ये कॅनडाची लिओना बॉइड पाच वेळा.

आणि बायकांत ती जवळजवळ एकटीच. माझ्या हातात आलेल्या अंकांत मुखपृष्ठावर बाई शोधायला बराच वेळ लागला. जाहिरातींत मात्र लगेच सापडते, अँप्लिफायरला टेकून उभी. गिटार तिच्या हातात नसते.

---

गंजकी_तार

हे मान्य. माझ्या अकरा अंकांत मोजलं आत्ता. अकरापैकी शून्य.

---

मडगांवकर_बाब

माझ्या मते या मासिकातला सर्वांत मोलाचा स्तंभ म्हणजे टॉमी टेडेस्कोचा 'स्टुडिओ लॉग'. टेडेस्को हा लॉस एंजेलिसचा स्टुडिओ वादक, सिनेमा, टीव्ही, जाहिराती, जिथे बोलावतील तिथे जाणारा. तो दर महिन्याला एक रेकॉर्डिंग घ्यायचा आणि सांगायचा : कुठे बोलावलं, समोर काय कागद ठेवला, कुठलं वाद्य मागितलं, कुठे घाम फुटला आणि शेवटी किती पैसे मिळाले. पैसे, पात्राव! आकड्यात. भिडेखातर झाकून नाही.

त्याची एक युक्ती प्रसिद्ध आहे. बुझुकी पाहिजे, मँडोलिन पाहिजे, आणखी कुठलं देशोदेशीचं तंतुवाद्य पाहिजे म्हटलं की तो "हो" म्हणायचा, वाद्य घेऊन यायचा आणि गुपचूप गिटारसारखं लावायचा. संगीतकाराला आवाज बुझुकीचा ऐकू आला म्हणजे झालं, बोटं गिटारचीच.

मी हे वाचायचो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मुंबई यायची. आमच्या गोंयची किती माणसं त्या स्टुडिओंत होती. अरेंजर म्हणून अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांची नावं आता तरी घेतली जातात. पण मागच्या रांगेत व्हायोलिन, ट्रम्पेट, गिटार घेऊन बसलेल्यांची नावं रेकॉर्डच्या पाकिटावर कधी आली नाहीत. माझा एक काका त्यात होता. त्याला विचारलं, अमक्या गाण्यात तू होतास का? तो म्हणायचा, असेन. त्या दिवशी दोन शिफ्ट केल्या, कुठलं गाणं कोणाचं ते सिनेमा लागल्यावर कळायचं. त्यालाही कळायचं नाही बहुतेकदा, कारण तो सिनेमाला जायचाच नाही, झोपायचा.

टेडेस्कोला ज्याने दर महिन्याला एक पान दिलं, त्या संपादकाला माझा दंडवत. आपल्याकडे असं एक पान कोणी दिलं असतं, तर आज हिंदी सिनेमासंगीताचा निम्मा इतिहास अंदाजपंचे लिहावा लागला नसता.

---

गंजकी_तार

बाब, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी झाला. काकांच्या आठवणी लिहा ना वेगळ्या.

आणि हेही माझ्याच पारड्यात टाकतो. किती पैसे मिळाले हा गल्ल्यावरचाच प्रश्न.

---

तिरकीट_धा

मी तबल्यातला माणूस, गिटारचं काही कळत नाही, पण तुमच्या त्या तबकडीवरचं गाणं यूट्यूबवर ऐकलं. सातचं आहे. म्हणजे गिटार सात सोळांश मोजतेय आणि ड्रमवाला खुशाल चारावर चालतोय. दोघं मध्येच भेटतात, पुन्हा फारकत. आमच्याकडे रूपकाची सातची गत धरून वर त्रितालाचा लेहरा ठेवला तर गुरुजी पेटी बंद करून चहाला उठले असते.

---

गंजकी_तार

वाय तर त्या वेळी अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झप्पाकडून शिकून बाहेर पडलेला. झप्पाकडे त्याचं काम म्हणजे ज्या वाजवणं अशक्य वाटतं त्या जागा वाजवायच्या, आणि त्याआधी झप्पाचे सोलो ऐकून कागदावर उतरवायचे. झप्पानेही गिटार प्लेयरमध्ये काही काळ स्तंभ लिहिला, विषम मात्रांवर वगैरे. तेव्हा हे विषमाचं वेड घराण्याचंच.

---

फेज_न्यूट्रल (जळगाव)

दुकानदार खरं बोलतो म्हणताय, तर एक उदाहरण माझ्याकडूनही घ्या.

रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन. त्याची पहिली मोठी मुलाखत याच मासिकाने छापली, नोव्हेंबर १९७८. ती कशी मिळाली हा किस्सा भारी आहे. जॅस ऑब्रेक्ट तेव्हा मासिकात नवाच लागलेला. २३ जुलै १९७८ला ओकलंडच्या मैदानावर दिवसभराचा मोठा कार्यक्रम होता, तिथे त्याला गिटारवादक पॅट ट्रॅव्हर्सची मुलाखत घ्यायची होती. ट्रॅव्हर्सने टांग मारली. ऑब्रेक्ट वैतागून मंचामागे बास्केटबॉल खेळायला लागला, एक सडपातळ पोरगा येऊन सामील झाला. खेळ झाल्यावर गप्पा. कोण रे तू? एडी. कुठल्या बँडमध्ये? व्हॅन हेलन. मग तुझीच घेतो मुलाखत. एडीला आश्चर्य, माझी कशाला?

आता खरा मुद्दा. एडीच्या आवाजाचं गुपित लोकांना हवं होतं. सुरुवातीच्या मुलाखतींत त्याने सांगितलं की मी मार्शल कंपनीच्या अँपला (अँप्लिफायरला) व्हेरिअ‍ॅक लावतो आणि व्होल्टेज वाढवून १४०पर्यंत नेतो. व्हेरिअ‍ॅक म्हणजे आपण ज्याला डिमरस्टॅट म्हणतो ते, गोल चक्री फिरवून व्होल्टेज कमीजास्त करायचं. अमेरिकेत घरात १२०. वाचकांनी मनोभावे १४० केलं आणि अँप जाळले. नंतर पठ्ठ्याने सांगितलं की खरं तर तो व्होल्टेज कमी करायचा, ९०च्या आसपास.

आता मला सांगा, हे उत्तर पिक जाड की पातळ याच धाटणीच्या प्रश्नाचं होतं की नाही? खरं द्यावंच लागतं म्हणे.

ता.क. कमी व्होल्टेजवर अँपचा आवाज मऊ आणि भरड का होतो याचा अनुभव आमच्या भागात फुकट मिळायचा. उन्हाळ्यात संध्याकाळी पंप सुरू झाले की २३०चे १८० व्हायचे. माझा व्हॉल्व्हचा रेडिओ तेव्हा काय गोड वाजायचा! पण कोणी घरी डिमरस्टॅटचे प्रयोग करू नका. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये चारपाचशे व्होल्ट साठून असतात, प्लग काढल्यावरसुद्धा. माणूस जातो.

---

गंजकी_तार

लागलं. हा ठोसा लागला. :(

तरी एक बचाव : खोटं पकडलं गेलं ते करून बघता आलं म्हणूनच. माझी प्रेरणा निसर्ग आहे असं तो म्हणाला असता, तर आजतागायत कोणी पकडलं नसतं.

---

मृगजळ

अँप जळालेल्यांना ही मखलाशी सांगून बघा.

मी क्यूपर्टिनोजवळच राहते. स्टीव्हन्स क्रीक बुलेव्हार्डवर त्यांची कचेरी होती, मी त्या रस्त्याने आठवड्यातून चार वेळा जाते. इथल्या आपल्या मंडळींना विचारलं तर या रस्त्यावर इडली कुठे मिळते ते सगळ्यांना माहीत, हे एकालाही नाही. कॉम्प्युटरवाल्यांच्या आधी या खोऱ्यात जर्दाळू-आलुबुखाराच्या बागा होत्या आणि त्या दोहोंच्या मधल्या सांध्यात हे मासिक वाढलं. भाडी तेव्हा परवडत असणार.

१९८९ला ते मिलर फ्रीमन या मोठ्या प्रकाशनसंस्थेला विकलं गेलं. त्यानंतर मालक बदलत गेले, शेवटी २०१८ला ब्रिटनच्या फ्यूचर कंपनीकडे. फ्यूचरकडे 'गिटार वर्ल्ड'ही आलं. म्हणजे ज्या दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांचे वाचक पळवले, ती एका छपराखाली नांदायला लागली. अशा घरात एका सुनेला जावंच लागतं.

---

कल्याण_स्लो

मालकाने मारलं असं सरळ म्हणता येणार नाही. टॅब फुकट मिळायला लागली, धडा व्हिडिओवर, आणि "तारा कुठल्या?" हे तर वादक स्वतःच इन्स्टाग्रामवर सांगतो, कारण तारांची कंपनी त्याला पैसे देते. गल्ला मासिकाच्या हातून निघून थेट वादकाच्या हातात गेला. धागाकर्त्याचा सिद्धांत मानला तर मासिक मरणारच होतं.

---

गंजकी_तार

हो. पण एक गोष्ट फुकटात मिळत नाही : न मागितलेलं. मे १९८६चं मुखपृष्ठ घ्या. एरिक जॉन्सन, टेक्ससबाहेर फार कोणाला माहीत नसलेला. मुखपृष्ठावर मासिकानेच विचारलंय की हा एरिक जॉन्सन कोण आणि आमच्या मुखपृष्ठावर काय करतोय. खप बुडाला तर बुडाला, पण हा माणूस तुम्ही ऐकलाच पाहिजे! दुकानदार कधीकधी "हे घेऊन तर बघा" म्हणत आतून काहीतरी काढतो ना, तसं.

माइक व्हार्नीचा 'स्पॉटलाइट' स्तंभही तसाच. १९८२पासून चालला. कोणीही कॅसेट पाठवा, चांगली वाटली तर तुमच्यावर चार ओळी. स्वीडनहून इंग्वे माल्मस्टीन नावाच्या पोराची कॅसेट आली, फेब्रुवारी १९८३ला स्तंभात झळकला आणि त्याच वर्षी तो अमेरिकेत वाजवत होता. पुढची कितीतरी वर्षं जगभरची पोरं भोवरीसारखी बोटं फिरवायला लागली ती त्या चार ओळींमुळे. (चांगलं झालं की वाईट, यावर स्वतंत्र धागा काढा.)

---

मडगांवकर_बाब

भारतात याच्या जवळ जाणारं म्हणजे 'रॉक स्ट्रीट जर्नल'. १९९३ला अमित सैगलने काढलं, आणि कुठून, तर अलाहाबादहून! मुंबई नाही, बंगलोर नाही. ते फक्त गिटारचं नव्हतं, पण शिलाँगच्या पोराला पुण्यातल्या बँडचं नाव कळायचं ते त्यातून. सैगल २०१२च्या जानेवारीत इथे गोव्यातच गेला, समुद्रात. तरुण होता.

---

जुनी_खुंटी

हे सगळं वाचलं, मजा आली. पण त्या तबकडीचं काय झालं? पहिल्या प्रतिसादापासून तिचं उत्तर कोणी दिलेलं नाही, नुसती चर्चा चालली आहे.

उत्तर सोपं आहे. लहान मुलांच्या मासिकांतून, औषध कंपन्यांच्या जाहिरातींतून अशा पातळ तबकड्या यायच्या. दोन गोष्टी करा. एक, खाली एक जाड, जुनी, सपाट एलपी ठेवा, तिच्यावर ही ठेवा, म्हणजे वाकणार नाही. दोन, मधल्या भागावर, जिथे खाचा नाहीत तिथे, एक नाणं ठेवा. वजनाने धरून राहते. आणि जास्त वेळा वाजवू नका, दर खेपेला खरखर वाढते.

---

गंजकी_तार

काका!! नाणं!!! इतकी साधी गोष्ट. संध्याकाळी करतो आणि सांगतो.

---

तिरकीट_धा

प्लेयरला मिनिटाला १६ फेऱ्यांचा स्पीड असेल तर त्यावरही लावा. ३३ आणि एक तृतीयांशचं बरोबर निम्मं १६ आणि दोन तृतीयांश. म्हणजे लय निम्मी आणि सूर बरोबर एक सप्तक खाली. ठाय लयीत सात मोजता येतील.

---

गंजकी_तार

अहवाल.

प्लेयर फिलिप्सचा, चार स्पीडचा, वडिलांच्या लग्नातला. खाली एलपी नाट्यगीतांची ठेवली (आईची परवानगी घेतली नाही). नाणं पाच रुपयांचं, ते जुनं जाडजूड, नऊ ग्रॅमचं.

३३वर लावली. आधी तळण टाकल्यासारखा आवाज, मग त्या तळणातूनच वाय बाहेर आला. हे गाणं मी फोनवर शंभरदा ऐकलंय, पण असं नाही. तबकडी थोडी वाकडी असल्यामुळे दर फेऱ्याला सूर किंचित हेलकावतो, नावेत बसून वाजवल्यासारखा. चाळीस वर्षांपूर्वी ओहायोत की कुठे कोणी पोराने हे असंच ऐकलं असणार, मग माझा अंक रद्दीत निघाला, जहाजात चढला आणि मंगळवार पेठेत उतरला.

मग १६वर लावली. तिरकीटराव, तुमचं बरोबर. सात स्वच्छ मोजता येतात. गिटार पार खर्जात जाते, सारंगीवाला चिडलाय असं वाटतं. ड्रम म्हणजे दार वाजवल्यासारखे. पहिले दोन तुकडे गिटारवर बसवले, तासभर लागला. ३३वर तेच चार सेकंदांत संपतात.

एक अडचण उरली. पाचाचं नाणं मोठं आहे. गाणं संपत आलं की सुईची दांडी आत सरकते आणि नाण्याला अडते. ठक, ठक, ठक, एकाच फेऱ्यात अडकून. शेवट ऐकूच येत नाही. लहान नाणं ठेवलं पाहिजे. रुपया बघितला, नवा फार हलका आहे, तबकडी घसरते. एकावर एक चार पावल्या ठेवल्या तर आकार आणि वजन दोन्ही जमेल असा हिशोब आहे, पण पावल्या २०११ला बाद झाल्या, घरात एक सापडेना. कोणाकडे आहेत का?

---

कल्याण_स्लो

आमच्याकडे देव्हाऱ्यात डबाभर आहेत. या रविवारी या. येताना तो अंक आणा, झेरॉक्स काढू. या वेळी खालून जुळवून.